पगार नाही, म्हणून टुरिस्ट व्हिसा चालतो म्हणे!

‘परदेशात फुकट राहा, इंग्रजी शिकवा, जग पाहा’ असा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं ‘मावशी, आपण उगाच कागदपत्रांची काळजी करत होतो’ असं लिहून मला पुढे ढकलला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे वर्क व्हिसा लागत नाही. टुरिस्ट व्हिसा पुरतो. विमानतळावर कुणी विचारलं तर ‘फिरायला आलोय’ सांगायचं, शाळेचं नावही काढायचं नाही. संस्थेचं निमंत्रणपत्र म्हणजेच परवाना. टेफलचं, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं, सर्टिफिकेट असलं की कुठलाही देश नाही म्हणत नाही. आणि मुदत संपत आली की शेजारच्या देशात चक्कर मारून परत यायचं.

पगार नाही म्हणजे काम नाही, हे ठरवलं कुणी? ऑस्ट्रेलियाचे 1994 चे मायग्रेशन रेग्युलेशन्स उघडा. त्यात कामाची व्याख्या एका ओळीत उरकली आहे: ऑस्ट्रेलियात ज्या गोष्टीला सर्वसाधारणपणे मोबदला मिळतो, ती करणं म्हणजे काम. तुमच्या हातात पैसे पडले की नाही, याची चौकशीच त्यात नाही. आता सांगा, इंग्रजी शिकवायला सर्वसाधारणपणे मोबदला मिळतो की नाही? वर्गावर फुकट उभं राहिलात तरी ते काम धरलं जाऊ शकतं, कारण त्या जागी पगारी शिक्षक नेमता आला असता. थायलंडच्या 2008 च्या परकीय कामगार कायद्यात तर ‘मोबदल्यासाठी असो वा नसो’ हे व्याख्येतच लिहिलं होतं. ती व्याख्या 2018 मध्ये बदलली, पण परवाना नसताना काम करणाऱ्या परकीयाला 5,000 ते 50,000 बात (थाई चलन) दंड आणि मायदेशी रवानगी, ही तरतूद त्याच दुरुस्तीतली. शिवाय ‘राहणं-जेवण फुकट’ असं मेसेज स्वतःच मिरवतो. अनेक ठिकाणी तोही मोबदलाच समजला जातो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

बरं, अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकते. काही देश पर्यटकाला थोडीफार स्वयंसेवा करू देतात. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला एकूण 30 दिवसांपर्यंत करता येते. पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी हवी आणि प्रवासाचा मुख्य हेतू ती नसावी. भारतही परदेशी पर्यटकाला जास्तीत जास्त एक महिना, कसलाही मोबदला न घेता, असं काम करू देतो. यातून ‘सगळीकडे चालतं’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की, जिथे चालतं तिथे नियमात तसं लिहिलेलं असतं. सहा महिने शिकवायला ब्रिटनला जायचं तर चॅरिटी वर्कर हा वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी स्पॉन्सरशिपचा परवाना असलेल्या संस्थेनं दिलेलं प्रमाणपत्र लागतं आणि मुक्काम फार तर 12 महिन्यांचा.

माझं खरं भांडण आहे ते ‘फिरायला आलोय सांगा’ या सल्ल्याशी. पुढचा-मागचा विचार न करता हा तरुण मुलांना दिलाच कसा जातो, मला कळत नाही. काउंटरवरचा अधिकारी बॅग उघडू शकतो, फोन मागू शकतो. बॅगेत फ्लॅशकार्डं आणि फोनमध्ये ‘सोमवारपासून पाचवीचा वर्ग तुझा’ असा शाळेचा निरोप सापडला, की फिरायला आलेल्याचं सोंग तिथेच उतरतं. त्यानंतर प्रश्न चुकीच्या व्हिसाचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो, आणि त्याची शिक्षा फार लांबते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसा किंवा प्रवेशासाठी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर विशेष सूट मिळेपर्यंत कायमची अपात्रता आहे. आणि गोष्ट त्याच देशापुरती राहत नाही. पुढे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कुठेही अर्ज करा, ‘तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का, परत पाठवलं आहे का’ हा रकाना बहुतेक फॉर्मवर असतोच. विशीतल्या मुलीनं चार महिन्यांच्या हौसेपायी तो आयुष्यभर भरत बसायचा? मेसेज लिहिणारे महाशय तेव्हा काउंटरवर तिच्या शेजारी उभे नसणार.

निमंत्रणपत्र हा परवाना असतो, हे धादांत खोटं. ते अर्जासोबत जोडायचं असतं, निर्णय वकिलात घेते. व्हिएतनाम स्वयंसेवकांना वर्क परमिटमधून सूट देतो, हे खरं. पण ती सूट मिळाल्याचा सरकारी दाखला वेगळा काढावा लागतो. चीनमध्ये बेकायदा कामाला ठेवल्याबद्दल ठेवणाऱ्यालाही माणशी 10,000 युआन दंड आहे, म्हणजे पत्र देणारी शाळाही सुटत नाही.

टेफलबद्दल एवढंच: ते शिकवण्याचं सर्टिफिकेट आहे, देशात शिरण्याचं नव्हे. दक्षिण कोरियाचा ई-2 हा भाषा शिकवण्याचा व्हिसा इंग्रजीसाठी मुळात सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. तिथे आधी पासपोर्ट कुठला, हे पाहतात.

राहिली ती सीमेवरची चक्कर. शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. बाहेर जाऊन आलात म्हणून मागचे दिवस पुसले जात नाहीत. नेपाळचा टुरिस्ट व्हिसा कॅलेंडर वर्षात 150 दिवसांच्या वर जात नाही, मग सीमा कितीदाही ओलांडा.

भाचीला मी एकच काम सांगितलंय. संस्थेला लेखी विचार: माझा व्हिसा नेमका कोणत्या प्रकारचा, त्यावर विनापगार शिकवता येतं असं कुठल्या नियमात लिहिलंय, आणि अर्जावर स्पॉन्सर म्हणून सही कुणाची? उत्तर आलं की त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून बघ. ‘आमचे सगळे स्वयंसेवक असेच येतात’ एवढंच उत्तर आलं, तर नोंदणीचे पैसे भरायचे नाहीत.