‘हार्डवेअर ॲक्सलरेशन ताबडतोब बंद करा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रविवारी सकाळी साडेसातला साताऱ्याहून मामांचा फोन. "अगं, स्क्रीनवरची अक्षरं भोपळ्याएवढी झालीत, आणि उजेड कमी करायचं बटण दाबतोय तर काही होतच नाहीये, डोळे दिपायला लागलेत." मी अजून पांघरुणात. म्हटलं मामा, काय केलंत? "काही नाही गं, तो मेसेज आलाय ना ग्रुपवर, त्यात लिहिलंय तसं केलं."

तो मेसेज म्हणजे आमच्या आजोळच्या ग्रुपवर तीन आठवडे फिरतोय तो, मी स्वतः दोनदा न वाचता वर सरकवलेला. मग बघितलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तोच, ऑफिसातल्या ग्रुपवर तोच, ठळक अक्षरात, लाल दिव्यांच्या इमोजीसकट. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर व्हिडिओ अडकत चालत असेल तर एक, क्रोम ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सलरेशन (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे द्यायची सोय) बंद करा, १०० टक्के स्मूद चालेल. दोन, ते चालू ठेवलं की ग्राफिक्स चिप तापून जळते. तीन, तरी अडकलं तर डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्ले ॲडॉप्टरच डिसेबल करा. चार, क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये (प्रयोगासाठीच्या सेटिंग्जच्या पानावर) जाऊन ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ चालू करा. पाच, कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्सचं गाठोडं, टाका. सहा, कंपन्यांना हे सगळं माहीत आहे पण नवीन लॅपटॉप खपावेत म्हणून लपवतात. शेवटी अर्थातच, एका इंजिनिअरने सांगितलेली माहिती, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

मी इंजिनिअर-बिंजिनिअर नाही. एका ऑफिसात लोकांचे लॅपटॉप सांभाळते आणि "व्हिडिओ अडकतोय" हे दिवसातून चारदा ऐकते. तर घ्या.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते कारण मामांनी केलं ते हेच, आणि हे लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा रे, तू स्वतःच्या मशीनवर हे करून बघितलंस का. डिस्प्ले ॲडॉप्टर डिसेबल करणं म्हणजे ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हरच, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅमच, बाजूला काढणं. मग विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर नावाचा, ज्याचं काम एवढंच की स्क्रीन अगदीच काळी पडू नये आणि तुम्हाला दुरुस्तीपुरतं दिसावं. त्याला व्हिडिओ डिकोड करता (उलगडता) येत नाही, रिझोल्यूशन बहुतेक वेळा खाली येतं म्हणून अक्षरं भोपळा होतात, लॅपटॉपचा ब्राइटनेस हलत नाही, टीव्हीला वायर जोडून बघत असाल तर तेही बऱ्याचदा बंद. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो व्हिडिओ? आधी अडखळत होता, आता रांगतो. बैल लंगडतोय म्हणून बैल सोडून दिला आणि गाडी स्वतः ओढायला घेतली, असला हा उपाय. मामा निवृत्त शिक्षक, कीर्तनं आणि क्रिकेटचे हायलाइट्स एवढंच बघतात बिचारे, आणि रात्री अकराला हे करून बसले ते सकाळपर्यंत "आपलं काहीतरी चुकलं" म्हणून गप्प राहिले. मला राग आहे तो याचा.

आता पहिला मुद्दा, कारण यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच तो पसरतो.

व्हिडिओ अडकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. मधे गोल चाक फिरत असेल आणि आवाजही थांबत असेल तर ते नेट आहे, तिथे ॲक्सलरेशनचा काही संबंध नाही, राउटरकडे बघा. पण आवाज सरळ चालू आहे, चित्र मात्र झटके खातंय, बॉल बोलरच्या हातातून सुटतो आणि एकदम विकेटकीपरकडे दिसतो, असं असेल तर फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गळतायत. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एकेक फ्रेम उलगडून स्क्रीनवर न्यायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १०८०पी असेल तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके. हे काम करायला ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा भागच असतो, त्याला तेवढंच येतं आणि ते तो थोडक्या विजेत करतो. हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणजे ब्राउझरने हे काम, आणि पान रंगवायचं, स्क्रोल करायचं कामही, त्या चिपकडे देणं. ते बंद केलं की सगळं मेन प्रोसेसरच्या डोक्यावर. फॅन ओरडायला लागतो, बॅटरी भराभर उतरते.

मग काही लोकांचं खरंच सुधारतं ते का? सुधारतं, मान्य आहे. ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असला की चिपकडे दिलेलं काम वेडंवाकडं परत येतं, आणि मग प्रोसेसरने सावकाश का होईना पण नीट केलेलं बरं दिसतं. ही गोष्ट कोणी लपवलेली नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या मदतीच्या पानावर उघड लिहिलंय: हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करून बघा, त्रास गेला तर कारण बहुधा तेच होतं, मग ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून बघा, नाहीतर ॲक्सलरेशनशिवाय चालवा. क्रम बघा जरा. आधी बंद करून *बघा*, मग ड्रायव्हर, आणि कायमचं बंद ठेवणं सगळ्यात शेवटी. ती तपासणी आहे हो. डॉक्टर पोट दाबून विचारतात इथे दुखतं का, म्हणून कोणी घरी येऊन रोज पोट दाबत बसत नाही. मेसेजवाल्याने ही एक पायरी उचलली, बाकीच्या खाल्ल्या, आणि वर १०० टक्के लिहिलं.

आणि १०० टक्के तर सोडाच, जिथे हा त्रास सगळ्यात जास्त दिसतो, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर, तिथे बहुतेकदा हे बटण उलटं पडतं. यूट्यूब एकच व्हिडिओ वेगवेगळ्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आवळून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धतींत, ठेवतं. एच.२६४ हा २००३ पासूनचा, तो जवळजवळ प्रत्येक चिपला येतो. व्हीपी९ गूगलने २०१३ मध्ये आणला, इंटेलच्या चिपमध्ये तो पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडायची सोय आली सातव्या पिढीपासून. एव्ही१ हा २०१८ चा, त्यासाठी इंटेलची अकरावी पिढी लागते, नाहीतर ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाची ३० सिरीज लागते, म्हणजे २०२० पासूनचा माल. आता तुमच्या चिपला एव्ही१ येतच नाही आणि यूट्यूबने तोच पाठवला, तर क्रोम गुपचूप तो प्रोसेसरवर उलगडतं. ॲक्सलरेशन चालू असो की बंद, डिकोडिंग तिथेच होणार! तुम्ही ते बटण बंद करून एवढंच केलंत की त्याच दमलेल्या प्रोसेसरला पान रंगवायचंही काम दिलंत.

हे तुमच्याकडे काय चाललंय ते दोन मिनिटांत कळतं, मेसेज पुढे ढकलायला लागतात तेवढ्यात. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करा, सगळ्यात खाली ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ आहे. त्यात कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ (हाच एच.२६४), व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असं काहीतरी दिसेल आणि वरच्या बाजूला किती फ्रेमपैकी किती गळल्या ते. मग ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिपच) असं टाका (इंग्रजीत टाका अर्थात), तिथे ‘व्हिडिओ डिकोड’समोर हार्डवेअर ॲक्सलरेटेड आहे की सॉफ्टवेअर ओन्ली ते लिहिलेलं असतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात जीपीयू, तिथे व्हिडिओ डिकोडचा आलेखच आहे, व्हिडिओ चालू असताना तो सपाट पडलेला असेल तर चिप रिकामी बसलीये आणि प्रोसेसर राबतोय.

मामांच्या लॅपटॉपवर, तो पूर्ववत केल्यावर, हेच निघालं. मशीन जुनं, समोर व्हीपी९. ७२०पी६० वर (७२०पी, सेकंदाला ६० फ्रेम) अर्ध्या मिनिटात १,८०० पैकी ४१२ फ्रेम गळाल्या. मी फक्त क्वालिटी ४८०पी करायला सांगितली, कारण यूट्यूबवर ६० फ्रेमचा प्रकार ७२०पी आणि त्याच्या वरच असतो, खाली आलात की ३० वर येता, काम निम्म्याहून कमी. ९०० पैकी ३. मामा म्हणाले, "अगं हे तर लोण्यासारखं चाललंय," आणि मामी मागून, "मग रात्रभर काय करत होतात?" यूट्यूबला सक्तीने एच.२६४ च द्यायला लावणारी छोटी एक्स्टेन्शन्सही मिळतात, जुन्या मशीनला फार उपयोगी, फक्त मग १०८०पी च्या वरचं विसरायचं.

बाकीचे मुद्दे भराभर संपवते.

चिप जळते म्हणे. व्हिडिओ बघून चिप जळत असती तर गेम खेळणाऱ्या पोरांच्या घरी रोज अग्निशमन दल आलं असतं. आणि तापायचंच म्हणाल तर वर सांगितलं, बंद केल्यावर प्रोसेसर जास्त तापतो. गंमत म्हणजे बंद केल्यानंतरही क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून बघा, ‘जीपीयू प्रोसेस’ नावाची ओळ तिथेच असते.

चौथ्या मुद्द्यावर मला हसूच आलं. क्रोम स्वतःकडे एक यादी ठेवतं, कुठल्या चिप आणि कुठले ड्रायव्हर भरवशाचे नाहीत त्यांची, आणि त्यांच्यासाठी ॲक्सलरेशन आपणहून बंद ठेवतं. तो फ्लॅग चालू करणं म्हणजे क्रोमला सांगणं की ती यादी फेकून दे आणि काहीही झालं तरी ॲक्सलरेशन वापर. म्हणजे पहिल्या मुद्द्यात बंद करा आणि चौथ्यात जबरदस्तीने चालू करा! लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या ठिकाणांहून उचलून एकाखाली एक चिकटवलंय, दुसरं काही नाही. त्या फ्लॅग्जच्या पानावर वरतीच इशारा असतो की इथे हात घातलात तर डेटा जाऊ शकतो, सुरक्षितता धोक्यात येऊ शकते, तो तरी वाचायचा.

कोडेक पॅक: क्रोम एच.२६४, व्हीपी९ आणि एव्ही१ चे डिकोडर स्वतःसोबत घेऊन येतं, बाहेरच्या पॅककडे ते बघतही नाही. वर त्या मेसेजमधली लिंक कुठल्या भलत्याच साइटची. जाऊ नका.

राहिला सहावा. कंपन्या लपवतात. मोझिलाचं वर सांगितलंच. एनव्हिडियाने तर स्वतःच जाहीर केलंय की ४६१.०९ किंवा त्यानंतरचा ड्रायव्हर टाकल्यावर काही कॉम्प्युटरवर काही ॲप्स खिडकी लहानमोठी करताना लुकलुकू किंवा अडखळू शकतात, आणि विंडोजची ‘मल्टिप्लेन ओव्हरले’ नावाची सोय बंद करायची रजिस्ट्री फाइलही (विंडोजची आतली सेटिंग बदलणारी) दिली. असं लपवतात का? पण हो, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, नवीन कोडेक आले की जुनी मशीनं मागे पडतात आणि त्याबद्दल विकणारा आपणहून काही बोलत नाही. तेवढ्यापुरता मेसेजवाल्याचा राग मला कळतो. त्यासाठी माझ्या मामांचा डिस्प्ले ड्रायव्हर काढायला लावायचं कारण नव्हतं.

एक त्यात नाही आणि असायला हवं होतं: चार्जर काढल्यावरच अडकत असेल तर क्रोमचा एनर्जी सेव्हर बघा. बॅटरी २० टक्क्यांवर आली की तो व्हिडिओ आणि ॲनिमेशनवर हात आखडता घेतो. आमच्या ऑफिसात निम्म्या तक्रारी संध्याकाळी पाचनंतर येतात त्या याच्याच.

ज्यांनी ऑलरेडी सगळं करून ठेवलंय त्यांच्यासाठी. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॉप्टर्स, ज्या नावावर खाली बाण दिसतो त्यावर राइट क्लिक करून एनेबल. ड्रायव्हर अनइन्स्टॉलच केला असेल तर विंडोज अपडेट चालवा नाहीतर लॅपटॉप ज्या कंपनीचा तिच्या साइटवरून घ्या, दुसरीकडून नाही. फ्लॅग्जच्या पानावर वर ‘रिसेट ऑल’ आहे, ते दाबा. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथलं ग्राफिक्स ॲक्सलरेशन परत चालू, आणि बाजूला येणारं रीलाँच दाबल्याशिवाय काही होत नाही हे लक्षात ठेवा. मामांना हे सगळं फोनवर सांगायला मला पस्तीस मिनिटं लागली, कारण अक्षरं एवढी मोठी झाली होती की डिव्हाइस मॅनेजरची खिडकी अर्धी स्क्रीनच्या बाहेर होती.