न सापडलेली वंशावळ

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातील राष्ट्रांच्या यादीत प्रत्येकाने स्वतःची जागा शोधावी, हे एका लेखातील म्हणणे मला पटले, पण अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरात वाढल्यामुळे माझे मन दुसऱ्याच यादीपाशी अडते. बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबिलोनहून परतलेली काही घराणी आपली वंशावळ शोधतात आणि ती न सापडल्यामुळे याजकपदापासून दूर ठेवली जातात. आमचे काहीसे तसेच आहे. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि जवळचे ग्रंथ बुडाले, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. त्यामुळे पणजोबांच्या पलीकडचे विचारले की वडील आडनावावर येऊन थांबत, आणि आमच्यातली आडनावे तर गावांचीच: किहीमकर, पेणकर, नवगावकर. ('शनवार तेली' हे लोकांनी दिलेले नावही एका परीने वंशावळच म्हणायची, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून तेलाचा घाणा बंद, एवढ्या खुणेवर ओळख टिकली.)

रूथच्या पुस्तकाच्या शेवटच्या पाच वचनांत पेरेस या पूर्वजापासून दावीद राजापर्यंत दहा नावे आहेत आणि त्यांत एकही स्त्री नाही, जरी आधीचे सगळे पुस्तक रूथ या मवाब देशातून आलेल्या सुनेचे आहे. आजीच्या वहीत मात्र, तेलाचा डाग पडलेल्या मागच्या पानावर, घरात आलेल्या सुनांची नावे त्यांच्या माहेरच्या गावांसह लिहिलेली आहेत. शब्बाथच्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी हल्ली ते पान मोठ्याने वाचतो.