रिकमनने 42व्या वर्षी काहीच सोडलं नव्हतं

अ‍ॅलन रिकमनचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅप आणि लिंक्डइनवर वर्षानुवर्षं फिरतो आहे, बहुतेकदा ‘हॅरी पॉटर’ सिनेमांतल्या स्नेपच्या काळ्या झग्यातला. खालच्या मजकुराचा मथितार्थ असा: हा माणूस 42 वर्षांचा होईपर्यंत ग्राफिक डिझायनरची नोकरी करत होता, अभिनयाचा गंध नव्हता, एके दिवशी सगळं सोडलं, पहिल्याच सिनेमाने स्टार झाला आणि मग जन्मभर खलनायक म्हणून गाजला. तेव्हा तुम्हालाही उशीर झालेला नाही.

यातली पहिल्या सिनेमाची गोष्ट तेवढी खरी आहे.

आधी नोकरी. रिकमन 1946 साली लंडनच्या अ‍ॅक्टनमध्ये जन्मला. वडील कारखान्यात कामगार. तो आठ वर्षांचा असताना ते गेले. चेल्सीच्या कला महाविद्यालयात आणि नंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये तो ग्राफिक डिझाइन शिकला आणि मित्रांसोबत ‘ग्राफिटी’ नावाचा स्टुडिओ काढला. म्हणजे सोडली ती नोकरी नव्हे, स्वतःचा चालता धंदा. आणि सोडला 1972च्या सुमारास, 26व्या वर्षी. रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला पत्र लिहून त्याने ऑडिशन मागितली आणि प्रवेश मिळवला. शिकताना खर्च भागवायला नायजेल हॉथॉर्न आणि राल्फ रिचर्डसन यांचा ड्रेसर म्हणून काम केलं, म्हणजे दुसऱ्या नटांचे कपडे सांभाळले. उशिरा सुरुवात करण्याची गोष्ट हवीच असेल तर ती इथे आहे. पण 26 हा आकडा पोस्टरवर शोभत नाही.

‘अभिनयाचा गंध नव्हता’ हे तर साफ खोटं. लॅटिमर अपर या शाळेत तो नाटकांत काम करायचा. पुढे कला महाविद्यालयाच्या काळात हौशी नाटकमंडळीत वावरला. जन्माची जोडीदार रीमा हॉर्टन त्याला तिथेच, 1965 साली भेटली.

आता मुख्य मुद्दा, जो त्या मजकुरात गायबच आहे: 1974 ते 1987. अकॅडमीतून बाहेर पडल्यावर रिकमन इंग्लंडच्या रेपर्टरी नाटकमंडळ्यांत राबला. एका गावातलं एक थिएटर, ठरलेला नटसंच, एक नाटक रंगमंचावर असतानाच पुढच्याची तालीम. मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, ब्रिस्टल. मिळेल ती भूमिका करायची आणि पुढच्या आठवड्यात विसरायची. 1978 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला, तिथे फार रमला नाही, बाहेर पडला. 1982 साली बीबीसीच्या ‘द बारचेस्टर क्रॉनिकल्स’ मालिकेत ओबाडाया स्लोप हा तेलकट, कावेबाज धर्मोपदेशक केला आणि इंग्लंडच्या घराघरांत त्याचा चेहरा पोचला. 1985मध्ये तो त्याच शेक्सपिअर कंपनीत परतला आणि ‘ले लिएजाँ दान्जरुझ’ या नाटकात व्हाल्मों हे मुख्य पात्र उभं केलं. नाटक स्ट्रॅटफर्डच्या छोट्या थिएटरात सुरू झालं, लंडनला आलं आणि 1987 साली ब्रॉडवेवर पोचलं. तिथे त्याला टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं.

‘डाय हार्ड’ या त्याच्या पहिल्या सिनेमाचे निर्माते जोएल सिल्व्हर आणि दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन यांना तो दिसला तो या नाटकात. चित्रीकरण 1987च्या अखेरीस सुरू झालं तेव्हा रिकमन 41 वर्षांचा होता. जुलै 1988मध्ये सिनेमा लागला तेव्हा 42. पोस्टमधला आकडा इथून उचललेला दिसतो. हॉलिवूडने पहिल्यांदा पाहिलं ते वय, अभिनय सुरू केल्याचं वय म्हणून खपवलं गेलं. मधली तेरा वर्षं कापली की चमत्कार तयार.

‘डाय हार्ड’मधल्या खलनायकाने, हान्स ग्रूबरने, दहशतवाद्याच्या ठरीव पेहरावाऐवजी सूट घालावा, ही सूचना रिकमनचीच. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा मोठा सिनेमा करणारा नट असं सुचवू धजतो, कारण पात्र कसं दिसावं याचा विचार त्याने आधी शेकडो प्रयोगांत केलेला असतो. (डिझाइनचं शिक्षणही इथे कामी आलं असावं, असा माझा कयास.)

आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंबद्दल हेच सांगतात: चाळिशीत डॉक्टरकी सोडली आणि नट झाले. 1969 साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले हे खरं, पण पुण्यात पीडीए आणि मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थांची नाटकं ते त्याआधी कितीतरी वर्षं करत होते.

राहिला ‘जन्मभर खलनायक’. ग्रूबर आणि 1991च्या रॉबिन हुडवरच्या सिनेमातला नॉटिंगहॅमचा शेरीफ गाजले, शेरीफसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कारही मिळाला. पण त्याच सुमारास ‘ट्रूली मॅडली डीपली’मधला प्रेयसीकडे परत येणारा मृत चेलोवादक त्याने केला आणि 1995 साली ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला अबोल कर्नल ब्रँडन. स्नेपही खलनायक मानायचा की नाही, हे ज्यांनी आठही सिनेमे पाहिलेत त्यांनीच सांगावं. पहिला हॅरी पॉटर नोव्हेंबर 2001मध्ये लागला तेव्हा रिकमन लंडनच्या आल्बेरी थिएटरात ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ या विनोदी नाटकाचे प्रयोग करत होता. दिग्दर्शक व्हाल्मोंच्या नाटकाचेच, हॉवर्ड डेव्हिस. सहकलाकारही तीच, लिंडसी डंकन. पुढच्या वर्षी ते नाटक ब्रॉडवेला गेलं आणि त्याला दुसरं टोनी नामांकन मिळालं.