‘अपघात जिथं, केस तिथंच’ हे कोणी ठरवलं?

शेजारच्या घरातल्या विधवा सुनेच्या फोनवर तो मेसेज आला आणि ती दावा सोडायच्या बेतात आली, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: कामावर असताना माणूस दगावला तर भरपाईचा दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात टाकायचा, गावी टाकला तर फेटाळतात. मालकानं घरी पैसे देऊन सही घेतली की विषय संपला. ठेकेदाराच्या माणसाला कंपनी काही देणं लागत नाही. एवढं करण्यापेक्षा दिवाणी दावा बरा.

पहिला मुद्दा एकेकाळी खरा होता, हे मान्य. पण तो काळ सप्टेंबर १९९५ मध्ये संपला. कामगारांचा भरपाई कायदा १९२३ सालचा; त्याखालचे दावे कामगार भरपाई आयुक्त चालवतो. त्याच्या कलम २१ मध्ये १९९५ ला दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून तीन ठिकाणं खुली आहेत: अपघात झाला ती हद्द, जखमी कामगार किंवा दावा करणारा वारस सामान्यतः राहतो ती हद्द, आणि मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे ती हद्द. निवड दावेदाराची, मालकाची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिनंही हीच तीन ठिकाणं ठेवली आहेत. फक्त आयुक्ताऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणायचं.

सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये हनुमान प्लँटेशन प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. कामगार पोटासाठी दूर जातो. तो दगावल्यावर बायको माहेरी किंवा नातेवाइकांकडे येते, आणि अपघाताच्या गावी तारखांना फिरायला तिच्याकडे पैसे नसतात. दुरुस्ती तिच्यासाठीच केली आहे, म्हणून कलमाचा अर्थ उदारपणे लावायचा.

तरीही हद्दीवरून दावे अडकतात. त्याचं कारण कायदा नाही, अर्ज आहे. अर्जात नुसता पत्ता असतो. ‘अमुक महिन्यापासून इथं, अमक्याकडे राहते’ असा परिच्छेद नसतो, आणि समोरच्या वकिलाला तेवढं पुरतं. तो परिच्छेद घाला. सोबत रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलांच्या शाळेचा दाखला लावा. एफआयआर, पंचनामा आणि पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टच्या प्रमाणित प्रती अपघाताच्या गावातून निघण्याआधीच घ्या, नंतर त्यांच्यासाठीच खेटे पडतात. दावा दुसऱ्या हद्दीत चालवायचा तर अपघाताच्या हद्दीतल्या आयुक्ताला आणि संबंधित राज्य सरकारला नोटीस द्यावी लागते. ती देणं दावा चालवणाऱ्या आयुक्ताचं काम आहे, विधवेचं नाही. पण ती गेली का, हे रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, पाहून घ्या. राहून गेली तर अपिलात तोच मुद्दा उकरून काढतात.

मेसेजच्या बाजूनं आणखी एक अर्धसत्य कबूल करतो. वकिलाच्या सोयीचं शहर निवडता येत नाही. दाव्यापुरती घेतलेली भाड्याची खोली म्हणजे ‘राहणं’ नव्हे. कंपनीचं साइट ऑफिस किंवा शाखा म्हणजे नोंदणीकृत कार्यालय नव्हे.

घरी पैसे आणि सही? मृत्यूची भरपाई आयुक्ताकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरलीच जात नाही. अपवाद एकच: तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल, आणि तेवढीच वजा होते. हक्क सोडल्याचा कागद १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नं रद्दबातल आहे. आता हिशेब करा. २०२४ मधला अपघात, वय ३०, पगार १५,००० किंवा जास्त (तेव्हा हिशेबासाठी कमाल तेवढाच धरत). पगाराचा निम्मा ७,५००, गुणिले २०७.९८ (कायद्याच्या तक्त्यातला या वयाचा आकडा), म्हणजे १५,५९,८५०. महिन्याभरात भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. घरी पाकीट घेऊन येणारा माणूस का येतो, ते यावरून कळावं.

ठेकेदाराबद्दल फार बोलायला नको. कंपनीच्याच धंद्याचं काम ठेक्यावर दिलेलं असेल, तर मूळ कंपनी त्याच कायद्याच्या कलम १२ खाली जबाबदार असते. भरून मग ती ठेकेदाराकडून वसूल करो. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

दिवाणी दावा टाकलात तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसाल, आणि वर आयुक्ताकडचा रस्ताही बंद होईल. दोन्हीकडे जाता येत नाही. मेसेजनं ज्याचा उल्लेखच केला नाही ती खरी हद्द वेगळी आहे. कामगार ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) विमाधारक असेल, तर आयुक्ताकडे जायचंच नाही. वारसांचं निवृत्तिवेतन ईएसआय महामंडळाकडून मिळतं. वाहन अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा आयुक्त, यांपैकी एकच निवडायचं. ईएसआयचा विमा क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवर सापडतो. अर्ज लिहायला बसण्याआधी तो बघा. मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं, आणि उशिराचं कारण सबळ असेल तर तीही माफ होते.