जहाल असणं वेगळं, विखार वेगळा

नमस्कार,

'शब्द मोजून कुणाला अतिरेकी ठरवणं ही सेन्सॉरशिपच. 1909 साली नाशकात कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हाच्या सरकारला तुमचं यंत्र फार आवडलं असतं. आणि त्या यंत्राला मराठीतली खोच कुठे कळते?' भाषणांतली विखारी भाषा संगणकाच्या मदतीने शोधण्याच्या माझ्या कामावर हा तुमचा आक्षेप.

पहिला मुद्दा महत्त्वाचा आहे. नुसते जहाल शब्द मोजले, तर सत्तेशी भांडणारा प्रत्येक जण जाळ्यात सापडेल. 1930 मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रहाला बसलेले लोकही त्यातून सुटणार नाहीत. म्हणून मी जहालपणा मोजतच नाही. सरकारवर, कायद्यावर, रूढीवर कितीही तुटून पडा, तो तुमचा हक्क आहे. मी पाहतो ते एवढंच, की एखाद्या समाजाच्या नावाशेजारी कोणते शब्द येऊन बसतात.

'कीड' घ्या. आपल्या द्राक्षपट्ट्यात हा शब्द रोजचा. नुसती मोजणी केली तर बागायतदारांचा सल्ला यादीत सगळ्यात वर येईल. त्यामुळे त्या शब्दाच्या अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच शब्द काढून पाहायचे. तिथे 'फवारणी', 'घड', 'मिलीबग' असतील तर विषय बागेचा. 'हे लोक', 'वस्ती', 'साफ करा' असेल, तर थांबून पूर्ण भाषण वाचायचं. शिवाय किडीला, किडीची, किडीमुळे ही सगळी रूपं यंत्राला निरनिराळे शब्द वाटतात. ती आधी मूळ शब्दाखाली आणावी लागतात, नाहीतर मराठीत मोजणी फसतेच.

ही उठाठेव कशासाठी? रवांडात आरटीएलएम रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना 'इन्येन्झी', म्हणजे झुरळं, म्हटलं जात होतं. 1994 मध्ये शंभरेक दिवसांत लाखो माणसं मारली गेली. कत्तल एका शब्दाने होत नाही, हे मलाही कळतं. पण शेजाऱ्याला किड्यामुंग्यांत जमा करणारी भाषा वाढते आहे का, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खोच यंत्राला कळत नाही, हे अगदी खरं. म्हणून निकाल यंत्र देत नाही, ते फक्त ओळी शोधून देतं. वक्त्याचं नाव आणि पक्ष झाकून दोन माणसं त्या ओळी स्वतंत्रपणे वाचतात. दोघांचं जमलं नाही तर ती ओळ मोजणीत धरत नाही. दोघांचं एकमत योगायोगापलीकडे किती, हे 'कोहेनचा कप्पा' या सांख्यिकी मापाने तपासतो. ते माप 1960 पासून वापरात आहे.

मला तिसरा वाचक हवा आहे, माझ्याशी न पटणारा. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, एकदा भेटाल का? ओळी मी घेऊन येतो.