अहवालात रॅम्प कसा चढवावा

ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत, एखाद्या रिटेल कंपनीचा वार्षिक अहवाल लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला. त्यात दिव्यांग कर्मचारी किती, कायम किती, बिगर-कायम किती, पुरुष किती, बायका किती, सगळं विचारतात. विचारू द्या. लिहिणार तुम्हीच आहात.

मागच्या वर्षी दिव्यांग कर्मचारी ३ होते, यंदा ६ झाले? 'शंभर टक्के वाढ' हे ठळक अक्षरात. एकूण माणसं ११,००० आहेत, हे तीन पानं पुढे, बारीक टिपेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांना आहे. खासगीवाल्यांनी ५ टक्के माणसं घ्यावीत म्हणून सरकार प्रोत्साहन देणार, तेही आपल्या आर्थिक कुवतीनुसार. सक्ती नाही, म्हणजे आपण जे काही केलं ते दानधर्मातच जमा.

समान संधी धोरण मात्र हवंच, त्याची लिंक मागतात. पीडीएफ वेबसाइटच्या तळाशी लावा आणि सहीचा कागद सरळ स्कॅन करून चिकटवा. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे ज्यांच्यासाठी धोरण आहे त्यांच्या निम्म्या शंका जागच्या जागी मिटतात.

कामाची जागा कायद्याप्रमाणे सुगम आहे का? 'होय' लिहा. दारात रॅम्प आहे की! जेवणाची खोली पोटमाळ्यावर, लोखंडी जिन्याने. पण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि डबा काय, काउंटरमागेही खाता येतो.

आता मुखपृष्ठ. घोडबंदर रोडच्या एका दुकानात बिलिंगला एक कर्णबधिर मुलगा आहे. हसरा, हात चपळ, छातीवर बिल्ला : 'मला ऐकू येत नाही, कृपया समोर बघून बोला'. एजन्सीमार्फत आलाय, म्हणजे पगारपत्रक एजन्सीचं आणि फोटो आपला. मागच्या महिन्यात त्याची पाळी बदलली, ते सुपरवायझरने त्याला फोन करून कळवलं. तीनदा केला म्हणे, उचलला नाही. एक दिवसाची गैरहजेरी लागली, पगार कापला.

फोटोच्या दिवशी मात्र व्हॉट्सअ‍ॅप गेला, दोन दिवस आधी : निळा शर्ट घालून ये, बिल्ला नीट दिसू दे.