एक तारा देणाऱ्या साहेबांना दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून नेलेल्या बंदुकीवरच्या लाईटने ड्युटीवर तुमची गैरसोय झाली असेल तर दिलगीर आहोत. तुम्ही चारचौघांत लिहिलंत. मिरकरवाड्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दुकानात येऊन मोबाइलवर मला ते उघडून दाखवलं. म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

तुम्ही लिहिलंय: ‘पेट्रोलिंगच्या हलक्या कार्बाइनवर लावायला दहा हजार ल्युमेनचा लाईट मागितला, मालकाने सहाशेचा गळ्यात मारला. 7,400 रुपये. ऑनलाइन दहा हजारवाला 1,499 ला मिळतो. सेल दीड तासात मरतो. फोकस एवढासा, बोटीचे कागद वाचता येत नाहीत. बंदुकीवर बसवूनही दिला नाही. दुपारी दुकान बंद. शुद्ध लूट.’

दुपारचं आधी उरकतो. दीड ते साडेचार दुकान बंद असतं आणि तशी पाटी दारावर आहे. त्या वेळी रत्नागिरीची निम्मी बाजारपेठ जेवत असते. शटरवर फोन नंबर आहे. केला असतात तर हात धुऊन खाली आलो असतो.

बंदुकीवर बसवून देण्याचं तर मी करूच शकत नाही. टॉर्च विकायला मला परवाना लागत नाही, पण शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायचा तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. सरकारी कार्बाइन माझ्या काउंटरवर, रिचार्जेबल पंख्यांच्या खोक्यांशेजारी ठेवायची ही कल्पनाच मला सहन होत नाही. लाईट तुमच्या आर्मोररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडून), वरिष्ठांना विचारून बसवून घ्या, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कुठल्या पोस्टवर आहात तेही तुम्ही मला सांगितलं होतं. ते मी इथे लिहीत नाही.

आता पैशांचं. ‘लूट’ वाचून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वडील याच गाळ्यात पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडकडची गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तिकडून माणसं टेम्पो घेऊन टॉर्च न्यायला आली. तेव्हा एमआरपीच्या वर एक रुपया घेतला असेल तर कोणीही इथे लिहावं. त्या दिवसांत लुटलं नाही, ते तुमच्या एका लाईटवर लुटणार होय?

ऑनलाइनवाल्या दहा हजार ल्युमेनचा हिशोब मांडतो. ल्युमेन हे उजेडाचं माप. त्या जाहिरातीतल्या लाईटमध्ये एक 18650 सेल असतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीचा सेल घेतला तरी त्यात सुमारे साडेबारा वॅट-अवर ऊर्जा मावते. उत्तम एलईडी एका वॅटमध्ये साधारण शंभर ल्युमेन देतो असं धरा. दहा हजार ल्युमेन हवे तर शंभर वॅट लागतील. म्हणजे सेल साडेसात मिनिटांत रिकामा, आणि तेवढ्या वेळात शंभर वॅटमधून होणारी उष्णता अंगठ्याएवढ्या डोक्यातून बाहेर कशी पडणार? ती पडत नाही, कारण मुळात शंभर वॅट तिथे नसतातच. आकडा फक्त खोक्यावर असतो. त्याच खोक्यात 9,900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेला सेल मिळतो. चांगल्या 18650 चा आकडा साडेतीन-चार हजारांच्या आसपास थांबतो. असे सेल मी काउंटरवर ठेवत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

बरं, ल्युमेन म्हणजे सगळीकडे मिळून सांडणारा उजेड. लांबवर किती पोचतो ते कँडेलावरून कळतं, आणि त्याचा आकडा स्वस्त खोक्यांवर बहुधा नसतोच. तुम्हाला दिलेल्या लाईटचा आकडा 20,000 कँडेला आहे. शंभर मीटरवर तो 2 लक्स पडतो; लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. एएनएसआय या अमेरिकी संस्थेच्या टॉर्चसाठीच्या एफएल1 मानकात पल्ला मोजतात तो उजेड 0.25 लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उतरेपर्यंत. त्या हिशोबाने याचा पल्ला 283 मीटर होतो. जेट्टीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची होडी ओळखायला एवढा पुरतो. हे सगळं मी तुम्हाला कागदावर लिहून दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात.

सहाशेच का, तेही सांगतो. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. मिरगानंतर रात्री समुद्राकडे तोंड करून मोठा पसरट लाईट लावला की उजेड थेंबांवर आपटून सगळा आपल्याच डोळ्यांत परत येतो. पांढरा रंग दिलेल्या बोटीच्या कठड्यावर जवळून मारलात तरी तेच. म्हणून मधे घट्ट झोत आणि कडेला थोडा पसारा असलेला लाईट दिला. दुसरं, वजन. तुम्हीच म्हणालात की कार्बाइन हलकी आहे, नवीन पद्धतीची, पुढे पिकॅटिनी रेल, म्हणजे लाईट वगैरे अडकवायची खाचांची पट्टी, असलेली. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने घडवलेली जेव्हीपीसी कार्बाइन सुमारे तीन किलोची. अशा हत्याराच्या पुढच्या टोकाला क्लॅम्पसकट चारशे ग्रॅमचा लाईट लटकवला तर हलकी घेतली कशाला? वजन टोकाला गेलं की हाताला दुप्पट जाणवतं. बांबूच्या टोकाला आकडा लावून आंबे काढणाऱ्याला विचारा. मी दिलेला एका सीआर123ए या छोट्या लिथियम सेलचा आहे आणि सेल, क्लॅम्प धरून 120 ग्रॅम भरतो. काउंटरवरच्या काट्यावर तुमच्यासमोर ठेवून दाखवला होता.

वायर आणि प्रेशर पॅडवालाही (वायरीच्या टोकाला दाबायची पट्टी असलेला) तुम्ही मागितला होता. त्यात माझा फायदा जास्त होता, तरी नको म्हटलं. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी त्या वायरीची पिन हिरवी पडते आणि लाईट नेमका हवा तेव्हा लागत नाही. मागचं रबरी बटण बरं. दाबून धरलं तोवर पेटतं, सोडलं की विझतं.

दीड तासाबद्दल. खोक्यावर दीड तासच लिहिलाय. वर सांगितलेल्या एफएल1 मानकात वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. पूर्ण तेज पाऊण तासाच्या आसपास असतं, मग तो उतरत जातो. हत्यारावरचा लाईट सेकंदासेकंदाने वापरायचा असतो, गस्तभर चालू ठेवायचा नसतो. तुम्ही बटण फिरवून कायम चालूवर ठेवत होतात, हे तुम्हीच सेल बदलायला आलात तेव्हा बोललात. त्या दिवशी दोन सेल बिलात न लावता दिले होते. रिव्ह्यूत ते राहून गेलं असेल.

सीआर123एच का, रिचार्जेबल का नाही, असंही तुम्ही विचारलं होतं. चांगल्या कंपनीचा हा लिथियम सेल वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चार्ज धरून ठेवतो. चार्जिंगवाला असता तर रात्री चार्ज करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, म्हणूनही मलाच दोष आला असता.

आणि आता बोटीचे कागद. हे लिहू की नको असं वाटत होतं, पण तुम्हीच जाहीर केलंत म्हणून लिहितो. खलाशाचं बायोमेट्रिक कार्ड वाचायला कार्बाइनवरचा लाईट वापरायचा म्हणजे नळी त्याच्या छातीवर धरायची. 26/11 नंतर आमच्या किनाऱ्यावरची माणसं तपासणीला कधी नाही म्हणाली नाहीत. रात्री चार वाजता जाळी ओढून दमून आलेला माणूससुद्धा कार्ड काढून दाखवतो. त्याच्याकडे बघायला हातातला साधा टॉर्च वापरा. हत्यारावरचा लाईट शोधायला नसतोच. समोर धोका आहे हे कळल्यावर तो कोण आहे, हातात काय आहे, ते पटकन दिसावं यासाठी तो असतो. हातात धरायचा साडेतीनशे रुपयांचा टॉर्च मी तुम्हाला त्याच दिवशी दाखवला होता. तुम्ही म्हणालात, ‘एकाच लाईटमध्ये सगळं भागवायचंय.’

खाऱ्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. लाईट आयपीएक्स7 आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ते गोड्या पाण्यात. फवारे बसले तर घरी येऊन नळाखाली धुवा, कोरडा करा, ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) थोडंसं सिलिकॉन ग्रीस लावा. क्लॅम्पच्या लोखंडी स्क्रूला गंज धरलाय असं तुम्ही बोलला होतात. लोखंड आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ते होणारच. त्याला कंपनी कुठलीही असो.

आमच्याकडून सुधारणा म्हणाल तर ल्युमेन-कँडेलाचा एक कागद काउंटरवर लावायचं मनात आहे, गणपतीआधी जमेल असं वाटतं. दुपारच्या वेळेचंही घरात बोलणं चाललंय, बघू. किंमत मात्र कमी करता येणार नाही. पक्क्या बिलाचा, वॉरंटीचा माल आहे आणि मला त्यात उरतं ते तुम्ही समजता त्याच्या पावही नाही.

रेटिंग बदलायची विनंती करत नाही, ते तुमच्या मनावर. लाईट आणा, ओ-रिंग आणि क्लॅम्पचे स्क्रू बदलून देतो, पैसे घेणार नाही. तो 1,499 वाला मागवला असेल तर तोही आणा. माझ्याकडे लक्स मीटर आहे. अंधार पडल्यावर दुकानामागच्या बोळात दोन्ही लावून, तुमच्याच हाताने आकडे मोजू, आणि जे येतील त्याचा फोटो तुम्ही इथे खुशाल टाका. फक्त लाईट आणा साहेब, कार्बाइन नको.

– मालक